नंदी, जरा बाजूला सर!

मंडळी, एसटीच्या खिडकीतून आत रुमाल टाकून जागा धरण्याची विद्या तुमच्यापैकी किती जणांना येते? आमच्या पिढीत ती ज्याला येत नसे, त्याला घरात फारशी किंमत नव्हती. गाडी फलाटाला लागायच्या आत धावत जायचं, रुमाल, टोपी, वेळप्रसंगी धाकट्या भावंडालाही खिडकीतून आत सरकवायचं आणि मग सावकाश दारातून चढून म्हणायचं, ‘‘अहो, ही जागा आमची आहे!’’ एवढा आटापिटा कशासाठी? तर खिडकीसाठी. वारा लागतो, मळमळत नाही, ही झाली सांगायची कारणं. खरं कारण एकच, बाहेरचं दिसतं.

गंमत अशी, की वय वाढत जातं तसा माणूस खिडकीपासून दूर सरकत जातो. आधी मुलांना खिडकी द्यायची म्हणून, मग नातवंडांना द्यायची म्हणून, आणि शेवटी ‘तुम्हांला सारखं उठावं लागतं ना, मग कडेलाच बसा’ म्हणून. हे सगळं प्रेमापोटीच होतं. पण म्हातारपणी कुणाला बाहेर बघायचं असेल, तर विचारतो कोण?

हा प्रश्न मला पडला तो यंदाच्या एप्रिलमध्ये, तमिळनाडूतल्या कुंभकोणमजवळच्या पट्टीश्वरम् या गावी, एका देवळातल्या नंदीसमोर.

आमच्या वहिनी कुंभकोणमच्या. तंजावरच्या मराठी मंडळींपैकी. व्यंकोजीराजांनी सतराव्या शतकात तंजावरला भोसल्यांची गादी स्थापन केली आणि १८५५ पर्यंत ती टिकली. त्या काळात इकडून तिकडे गेलेली घराणी आजही आपापसात मराठी बोलतात. आपल्या कानाला ती मराठी जुन्या बखरीतून उठून आल्यासारखी वाटते आणि मध्येच तमिळ हेल काढते. तंजावरच्या बृहदीश्वराच्या देवळात सरफोजीराजांच्या काळात, १८०३ मध्ये, भोसले कुळाचा इतिहास मराठीतून दगडावर कोरून ठेवलाय. तो वाचताना आपण महाराष्ट्रापासून हजार किलोमीटरवर उभे आहोत, हे विसरायला होतं.

वहिनींच्या आईंना सगळे अक्का म्हणतात. वय ७१. गुडघे कुरकुरतात, पण जीभ आणि नजर तल्लख. त्यांचे यजमान कुंभकोणमच्या एका शाळेत भूगोल शिकवायचे. तीन वर्षांपूर्वी ते गेले. त्यांच्या मागे घरात एक पत्र्याचा पृथ्वीगोल राहिलाय. रंग उडालेला, ध्रुवापाशी पोचा आलेला. अक्का रोज सकाळी देवांची पूजा झाली की तो गोल ओल्या फडक्यानं पुसतात. स्वतः आठवीपर्यंत शिकलेल्या. पण सहारा कुठे, सायबेरिया कुठे, हे बोट ठेवून दाखवतील.

अक्कांची धाकटी मुलगी सॅन फ्रान्सिस्कोजवळ राहते. जूनच्या अखेरीस तिचं दुसरं बाळंतपण. तेव्हा अक्का आणि आमच्या वहिनी अशा दोघी निघायच्या ठरल्या. चेन्नई ते लंडन आणि लंडन ते सॅन फ्रान्सिस्को. जावयांनी तिकिटं काढली, जागा धरल्या. मधल्या चार खुर्च्यांच्या रांगेतल्या दोन. स्वच्छतागृह जवळ, पाय मोकळे करायला वाट मोकळी. हेतू उत्तमच होता.

अक्कांनी तिकिटाचा कागद पाहिला आणि एकच विचारलं, ‘‘इथनं खिडकी दिसेल काय?’’

वहिनी म्हणाल्या, ‘‘अगं आई, अकरा तासांचा प्रवास आहे. तू झोपणार. खिडकीतून ढगांशिवाय काय दिसतंय?’’

अक्का काही बोलल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी आम्ही पट्टीश्वरम्‌ला गेलो.

कुंभकोणमहून हे गाव रिक्षानं अर्ध्या तासाच्या आत येतं. वाटेवर दारासुरमचं ऐरावतेश्वराचं देऊळ लागतं. चोळ राजांनी बाराव्या शतकात बांधलेलं, आता जागतिक वारशाच्या यादीत असलेलं. पुढे भाताची खाचरं, केळीच्या बागा, आणि मग पट्टीश्वरम्‌चं उंच गोपुर. देव धेनुपुरीश्वर. म्हणजे कामधेनूच्या कन्येनं, पट्टीनं, पूजलेला शंकर. गर्दी मात्र दुर्गेपुढे अधिक. राहुकाळात लिंबाच्या सालीत तेलवाती लावून बायका ओळीनं बसलेल्या असतात. नायक राजांचे विद्वान मंत्री गोविंद दीक्षित यांचं नावही या गावाशी जोडलेलं आहे. देवळात त्यांची आणि त्यांच्या पत्नीची मूर्ती आहे.

मी सवयीनं नंदीच्या शिंगांमधून देव पाहायला वाकलो, तर देव दिसेचना! म्हणजे देव समोर होता, नंदीच एका बाजूला सरकलेला होता. मला वाटलं, दुरुस्तीच्या वेळी कुणी चुकीचा बसवला असेल. पण पुढचा नंदीही तसाच. देवळातले सगळेच नंदी मधल्या रेषेतून थोडे बाजूला.

अक्का हसल्या. म्हणाल्या, ‘‘तो चुकलेला नाही. त्याला सांगितलंय तसं.’’

मग त्यांनी गोष्ट सांगितली. सातव्या शतकातले तमिळ शैव संत ज्ञानसंबंधर. अगदी कोवळं पोर. ते भर उन्हाळ्यात अनवाणी या देवळाकडे यायला निघाले. शंकराला पोराची दया आली. त्यानं आपल्या गणांकरवी मोत्यांचा मांडव पाठवला, त्या सावलीतून हे मूल चालत आलं. आणि ते येताना आपल्याला दिसावं म्हणून देवानं नंदीला सांगितलं, जरा बाजूला सर! तेव्हापासून नंदी सरकलेला आहे. तमिळ आनी महिन्यात, म्हणजे जूनच्या मध्यापासून, या मोत्यांच्या मांडवाचा उत्सव इथे होतो.

नंदी सरकल्याची आणखी एक गोष्ट त्याच भागात आहे. वैद्यीश्वरन्‌कोविलजवळ तिरुप्पुंकूरला. तिथे देवळात प्रवेश नाकारला गेलेल्या नंदनार या भक्ताला बाहेरून देव दिसावा म्हणून नंदी हलला, असं सांगतात. कर्नाटकात उडुपीला तर खिडकीच आहे, कनकदासांची. पण पट्टीश्वरम्‌ची तऱ्हा निराळी. इथे भक्ताला देव दिसावा म्हणून नाही, देवाला भक्त दिसावा म्हणून वाट मोकळी केली.

‘‘बघायची हौस देवालासुद्धा असती,’’ अक्का म्हणाल्या. आणि मग अगदी हळू, ‘‘ह्यांनी चाळीस वर्षं पोरांना ग्रीनलंड शिकवलं. पाहिलं नाही. मी रोज तो पांढरा तुकडा पुसत्ये. विमान तिकडनंच जातंय म्हणे. मला कुणी विचारलंच नाही.’’

वहिनींनी दुसरीकडे पाहिलं. मलाही घशात काहीतरी अडकल्यासारखं झालं. म्हटलं, अक्का, खिडकी मिळवून देणं माझ्याकडे लागलं.

दोऱ्याचा खेळ

घरी आल्यावर पहिली शंका वहिनींनी काढली. ‘‘भाऊजी, लंडनहून सॅन फ्रान्सिस्को म्हणजे सरळ पश्चिमेला. ग्रीनलंड तर पार वर उत्तरेला. विमान तिकडे कशाला तडमडेल?’’

भिंतीवरच्या नकाशात पाहिलं तर त्यांचं बरोबर. पण पृथ्वी भिंतीसारखी सपाट नाही. मी तो पत्र्याचा गोल मागवला आणि शिवणाच्या डब्यातला दोरा. दोऱ्याचं एक टोक लंडनवर धरलं, दुसरं सॅन फ्रान्सिस्कोवर, आणि दोरा ताणला. ताणलेला दोरा म्हणजे सर्वांत जवळची वाट. तो आपोआप वर सरकला, आइसलंडच्या दक्षिणेकडून गेला आणि थेट ग्रीनलंडच्या दक्षिण भागावरून हडसनच्या उपसागराकडे उतरला. वहिनी बघत राहिल्या. तुमच्या घरी मुलांचा पृथ्वीगोल असेल तर आज रात्री जेवणं झाल्यावर हा खेळ करून पाहा.

हाच दोरा लंडनहून न्यूयॉर्क किंवा बॉस्टनकडे ताणलात, तर तो ग्रीनलंडच्या बराच खालून जातो. म्हणजे अमेरिकेला जाणाऱ्या प्रत्येकाला ग्रीनलंड दिसतं असं नाही. पश्चिम किनाऱ्याला, सॅन फ्रान्सिस्को किंवा सिअ‍ॅटलला, जाणाऱ्यांना ती संधी जास्त. आपल्या एअर इंडियाचं विमान १९६० च्या मे महिन्यात लंडनमार्गे न्यूयॉर्कला जाऊ लागलं, तेव्हाच्या प्रवाशांना बहुतेक वेळ अटलांटिकचं पाणीच पाहावं लागलं असणार. मात्र खिडकीचं महत्त्व एअर इंडियाला नक्की कळलेलं होतं. १९७१ मध्ये त्यांची जंबो जेट आली, तेव्हा प्रत्येक खिडकीभोवती बाहेरून राजस्थानी झरोक्याची महिरप रंगवलेली होती. विमानाच्या खिडकीला झरोका करणारे आपणच!

आणि नकाशाची एक लबाडीही सांगून ठेवतो. भिंतीवरच्या नेहमीच्या नकाशात ग्रीनलंड आफ्रिकेएवढं दिसतं. प्रत्यक्षात आफ्रिका त्याच्या सुमारे चौदा पट आहे. ग्रीनलंड आपल्या भारतापेक्षाही लहान, भारताच्या दोन तृतीयांश. तरीही त्यात सात महाराष्ट्र मावतील, आणि त्यातला सुमारे ८० टक्के भाग बर्फाच्या थराखाली आहे. मध्यभागी या थराची जाडी तीन किलोमीटरहून अधिक. महाराष्ट्रातलं सर्वांत उंच शिखर कळसूबाई, १६४६ मीटर. असे दोन डोंगर एकावर एक ठेवले तर जेवढी उंची होईल, साधारण तेवढा बर्फ!

डावी की उजवी?

आता मुख्य प्रश्न. खिडकी तर हवी, पण कुठल्या बाजूची?

नियम सोपा आहे. पश्चिमेकडे तोंड करून उभे राहा. उजव्या हाताला उत्तर, डाव्या हाताला दक्षिण. युरोपातून अमेरिकेला जाताना तुम्ही पश्चिमेला निघालेले असता. अटलांटिकवर पाहण्यासारखी जी जमीन आहे, आइसलंड, ग्रीनलंड, ती तुमच्या वाटेवर किंवा उत्तरेला. म्हणून जाताना उजवी बाजू. दुसरं कारण सूर्याचं. ही विमानं बहुधा दिवसा जातात आणि सूर्य दक्षिणेच्या, म्हणजे डाव्या अंगाला राहतो. डावीकडे बसलात तर बर्फावरून परतणारा उजेड डोळ्यांत जातो, काचेवरचा प्रत्येक ओरखडा चमकतो. उजवीकडे प्रकाश तुमच्या पाठीमागून पडतो, बाहेरचं स्वच्छ दिसतं. फोटो काढणाऱ्यांना हे सांगायला नको.

परतताना सगळं उलट. अमेरिकेहून युरोपकडे येणारी विमानं बहुतेक रात्रीची. तेव्हा उत्तर डाव्या हाताला येते, म्हणून डावी बाजू धरावी. हिवाळ्याच्या रात्री नशीब जोरावर असेल तर उत्तर आकाशात ध्रुवीय प्रकाशाचे हिरवट पडदे हलताना दिसतात. जूनमध्ये ते दिसायचे नाहीत, कारण तिथे पुरती रात्रच होत नाही. पण उत्तरेच्या क्षितिजावर संध्याकाळचा उजेड रात्रभर पुसलाच जात नाही. तो हळूहळू सरकत पहाटेला जाऊन मिळतो. तेही पाहण्यासारखं असतं.

हाच नियम आपल्या देशातही चालतो. दिल्लीहून बागडोगरा किंवा गुवाहाटीकडे, म्हणजे पूर्वेला, जाताना हिमालय डाव्या हाताला. परत येताना उजव्या. आणि लंडनला उतरताना वारा पश्चिमेचा असेल, आणि तो बहुधा असतो, तर विमान पूर्वेकडून शहरावरून येतं. तेव्हा थेम्स नदी, तिच्यावरचे पूल, पार्लमेंटची इमारत हे सगळं उजव्या खिडकीतून खेळण्यातल्या गावासारखं दिसतं. म्हणजे अक्कांना दोन्ही विमानांत उजवी बाजूच हवी.

उजवी बाजू ओळखायची कशी? विमानात ‘ए’ अक्षराची जागा डाव्या टोकाची. मोठ्या विमानात उजव्या टोकाची बहुधा ‘के’. मध्ये ‘आय’ अक्षर गाळतात, कारण ते एक या आकड्यासारखं दिसतं. घाईघाईत ‘ए म्हणजे पहिली, म्हणजे उत्तम’ असं समजून डावी जागा घेऊ नका.

पंखाचा नंदी

बाजू ठरली तरी काम संपत नाही. खिडकीत बसलात आणि खाली पाहिलंत तर नुसता पंख! पांढरा, लांबरुंद, अकरा तास हलणार नाही. हा आपला नंदी. आणि याला ‘बाजूला सर’ म्हणून उपयोग नाही. आपणच सरकायचं.

विमानाचा पंख मधल्या बऱ्याच रांगा व्यापतो. त्याच्या पुढे बसावं किंवा पुरतं मागे. पुढच्या जागा बहुधा महागड्या वर्गाच्या, त्यामुळे तुमच्याआमच्या वाट्याला मागच्या. पंखाच्या लगेच मागे बसलात तर इंजिनातून निघणाऱ्या गरम हवेमुळे खालचं दृश्य चुलीवरच्या वाफेतून पाहावं तसं थरथरतं. म्हणून आणखी मागे जावं. काही रांगांना खिडकीची जागा म्हणतात, पण तिथे खिडकीच नसते, नुसती भिंत. विमान कंपन्या जागांचा आराखडा देतात तो नीट पाहावा, खात्री नसेल तर फोन करून विचारावं. आगाऊ जागा धरायला बऱ्याच कंपन्या वेगळे पैसे घेतात, त्याची तयारी ठेवावी. आणीबाणीच्या दारापाशी पाय पसरायला ऐसपैस जागा असते, पण मदत लागणाऱ्या वयस्कर प्रवाशांना तिथे बसवत नाहीत.

राहिला गुडघ्यांचा आणि स्वच्छतागृहाचा प्रश्न. जावयांचं म्हणणं काही चुकीचं नव्हतं. लांबच्या प्रवासात एका जागी बसून राहिलं की पाय सुजतात, पायाच्या शिरेत रक्ताची गुठळी होण्याचा धोकाही असतो. तासा-दीड तासानं उठून चार पावलं टाकणं, बसल्या बसल्या घोटे फिरवणं, पाणी पीत राहणं हे वयस्कर माणसांनी केलंच पाहिजे. खिडकीशी बसून दोन अनोळखी माणसांना सारखं उठवायचं म्हणजे संकोच. मग माणूस पाणीच पीत नाही, आणि ते जास्त वाईट.

तोड निघाली ती विमानाच्या आकारातून. विमान शेपटीकडे निमुळतं होत जातं. त्यामुळे बोइंग ७७७ सारख्या काही विमानांत, जिथे इतर रांगांत खिडकीशी तीन खुर्च्या असतात, तिथे अगदी मागच्या काही रांगांत दोनच असतात. खिडकीत अक्का, कडेला वहिनी. उठायचं झालं तर लेकीलाच उठवायचं. पंख पुढे राहिलेला, स्वच्छतागृह जवळ. तोटा म्हणाल तर मागे हादरे थोडे जास्त बसतात आणि उतरताना शेवटचा नंबर लागतो. पण चाकांच्या खुर्चीची मदत घेणाऱ्यांना नाहीतरी सगळे उतरल्यावरच उतरवतात.

जावयांना फोन लावला. ते क्षणभर गप्प राहिले. म्हणाले, ‘‘आईंना बघायचंय हे मला सुचलंच नाही. मला वाटलं, त्यांना आराम हवा.’’ अर्ध्या तासात जागा बदलल्या.

ढगांचं काय?

एक गोष्ट मात्र मी अक्कांना बजावून सांगितली होती. इतकं करूनही ग्रीनलंड दिसेलच असं नाही.

अटलांटिकवर रस्ते आखलेले नसतात. वारा बघून वाट रोज नव्यानं ठरते. पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहणारा वेगवान वाऱ्याचा झोत उंचावर असतो. येताना त्याच्यावर स्वार व्हायचं, जाताना त्याला चुकवायचं, हे वैमानिकांचं धोरण. आयर्लंड-ब्रिटनकडचं शॅनविक आणि कॅनडातलं गँडर ही दोन केंद्रं या समुद्रावरच्या वाहतुकीचं नियंत्रण करतात. त्यामुळे आजचं विमान ग्रीनलंडच्या मध्यावरून गेलं आणि उद्याचं त्याच्या टोकाला वळसा घालून, असं होऊ शकतं. त्यातून ढग. ढगांपुढे कुणाचा रुमाल चालत नाही.

मात्र उंचीचा एक फायदा असतो. अकरा किलोमीटर उंचीवरून क्षितिज सुमारे ३७० किलोमीटर दूर असतं. म्हणजे पुण्यावरून त्या उंचीवर जाताना हवा अगदी निवळ असेल तर नजर पणजीच्याही पुढे जाईल. म्हणून खाली ढग असले तरी दूर कुठे फट सापडू शकते. सुटल्यापासून साधारण साडेतीन-चार तासांनी, समोरच्या पडद्यावरच्या नकाशात विमान ग्रीनलंडजवळ आलं की जागं राहायचं, एवढं वहिनींना सांगून ठेवलं.

आणखी एक अडचण असते. जेवण झालं की विमानात खिडक्यांची झापडं खाली ओढायला सांगतात, लोकांना झोपायचं असतं, पडद्यावर सिनेमे बघायचे असतात. भर दुपारी विमानात रात्र होते. अशा वेळी भांडू नये. झापड चार बोटं उघडं ठेवावं, डोक्यावरून शाल घ्यावी आणि काचेला नाक लावून बसावं. आपल्याला दिसतं आणि शेजाऱ्याला उजेड लागत नाही. काचेच्या खालच्या बाजूला एक बारीक भोक दिसतं, त्यालाही घाबरू नये. काचेच्या थरांमधला दाब सारखा राहावा आणि काचेवर धुकं धरू नये म्हणून ते मुद्दाम ठेवलेलं असतं.

अक्कांनी सगळं ऐकून घेतलं. म्हणाल्या, ‘‘नाही दिसलं तर नाही दिसलं. पण मी खिडकीत होत्ये, एवढं तरी ह्यांना सांगता येईल.’’

अक्कांचा फोन

त्या जूनच्या मध्यावर निघाल्या. पट्टीश्वरम्‌चा मोत्यांचा मांडव यंदा चुकला, याची हुरहुर होतीच. पोचल्यावर तिसऱ्या दिवशी फोन आला. आधी बाळंतिणीची खुशाली. मग म्हणाल्या, ‘‘आता ऐका.’’

लंडन दिसलं नाही, पाऊस होता. समुद्रही दिसला नाही, सगळा कापूस. वहिनींना झोप लागली. अक्का शाल डोक्यावर घेऊन बसून राहिल्या. पडद्यावरचं इवलं विमान ग्रीनलंडच्या किनाऱ्याला टेकलं तरी खाली कापूसच. त्यांनी मनात म्हटलं, राहिलं. आणि थोड्या वेळानं ढगाची कड संपली.

‘‘आधी वाटलं, हेही ढगच. मग त्यातनं काळे डोंगर वर आलेले दिसले. नुसती टोकं. खीर आटल्यावर बदाम वर येतात तशी. मग काहीच नाही. पांढरं. किती वेळ पांढरं! मी पुसत्ये तो तुकडा केवढासा, बोटाएवढा. हे संपेचना.’’ पुढे दुसऱ्या किनाऱ्याकडे पांढऱ्यावर निळे ठिपके दिसले म्हणाल्या. उन्हाळ्यात बर्फ वितळून साचलेली ती तळी असणार. वहिनींना त्यांनी उठवलं. वहिनींनी घड्याळ लावलं. उघडीप बारा मिनिटं टिकली. आपल्या यजमानांना त्यांनी काय सांगितलं ते मी विचारलं नाही, त्यांनीही सांगितलं नाही.

‘‘आणि एक झालं,’’ अक्का म्हणाल्या. मधल्या रांगेतला सात-आठ वर्षांचा एक मुलगा, कुठल्या देशाचा कोण जाणे, वाटेत उभा राहून टाचा उंच करकरून त्यांच्या खिडकीकडे बघत होता. त्याच्या रांगेला खिडकी नव्हती. अक्कांना त्याची भाषा येत नव्हती, त्याला यांची. त्यांनी हातानंच बोलावलं. वहिनी उठून उभ्या राहिल्या, मुलगा आत आला, आणि अक्का पाठ खुर्चीला चिकटवून, गुडघे एका बाजूला वळवून बसल्या.

‘‘बारातली शेवटची चार मिनिटं त्याला दिली,’’ त्या हसत म्हणाल्या. ‘‘म्हटलं, आपण बघितलं, आता नंदीनं जरा सरकायला हवं.’’

तर मंडळी, तुमच्या घरातलं कुणी वडीलधारं माणूस लांबच्या प्रवासाला निघणार असेल, तर औषधं भरली का, स्वेटर घेतला का, हे जरूर विचारा. पण जागा धरण्याआधी आणखी एक प्रश्न विचारायला विसरू नका. ‘तुम्हांला खिडकी हवी का?’ कदाचित ते नको म्हणतील. पण कदाचित कित्येक वर्षं ते याच प्रश्नाची वाट पाहत असतील.